म्हातारं होतं ते रबर, इंजिन नव्हे

जुनी बीएमडब्ल्यू ई-४६, म्हणजे ३ सीरीजची चौथी पिढी, बघायला गेलेला माणूस आधी मीटर बघतो. दीड लाख किलोमीटर की अडीच लाख, यावरच सगळी घासाघीस होते. पण या गाडीतलं एम-५४ इंजिन अडीच लाखांनाही सहसा थकत नाही. थकतं ते त्याच्या अवतीभवतीचं प्लास्टिक आणि रबर. प्लास्टिकला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतात वर्षं आणि रोजचं तापणं-निवणं. म्हणून झाकून ठेवलेली, जेमतेम सत्तर हजार चाललेली गाडी रस्त्यात वाफ सोडत उभी राहते, आणि वेळच्या वेळी पार्ट बदललेली तीन लाखांची गाडी निमूट चालत राहते. ही गाडी सांभाळायची तर कॅलेंडर बघून सांभाळावी, एवढंच मला सांगायचंय. बाकी सगळा तपशील.

ई-४६ ची सेडान १९९८ मध्ये आली आणि २००५ पर्यंत बनली. एम-५४ तिच्यात २००० पासून बसू लागलं. २.२, २.५ आणि ३.० लिटर अशी त्याची तीन मापं, ताकद अनुक्रमे १७०, १९२ आणि २३१ अश्वशक्ती. तिन्हींची रचना एकच आहे: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात ओतीव लोखंडाचे लायनर, वर ॲल्युमिनियमचं हेड, दोन्ही कॅमशाफ्टवर व्हॅनॉस, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिच्या बदलीचं ठरावीक वेळापत्रक नसतं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तिन्ही मापांना लागू पडतं.

कूलिंग: सगळं एकदम बदला

ई-४६ च्या कूलिंगमध्ये एक्स्पान्शन टँक (जिच्यातून कूलंट भरतात ती), रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या, थर्मोस्टॅटचं घर आणि होजची टोकं, सगळं काचतंतू मिसळलेलं नायलॉन. त्यात थर्मोस्टॅट ९७ अंशांचा. हलक्या वेगात इंजिन मुद्दाम गरम ठेवायचं आणि जोर लागला की थर्मोस्टॅटमधल्या छोट्या हीटरला वीज देऊन त्याला लवकर उघडायचं, अशी योजना. इंधनासाठी ती चांगली, प्लास्टिकसाठी नाही. टँकच्या झाकणावर २०० लिहिलेलं असतं, म्हणजे दाब २ बारपर्यंत चढू शकतो. शंभर अंशांच्या आसपासचं कूलंट, वर २ बार दाब, आणि दहा-पंधरा वर्षांचं नायलॉन. पांढरट टँक आधी पिवळी पडते, मग तपकिरी होते आणि एक दिवस सांध्यावर उभी चीर जाते. रेडिएटरला वरचा होज जिथे बसतो ते तोंड बोटानं दाबलं तरी बिस्किटासारखं तुटतं, एवढं ठिसूळ होतं.

गंभीर गोष्ट पुढची आहे. कूलंट गेलं की हेड तापतं आणि हेडचे बोल्ट ज्या आट्यांत बसतात ते आटे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये असतात. इंजिन जास्त तापलं की ते आटेच ओढून निघतात. मग नुसतं हेड गॅस्केट बदलून भागत नाही, कारण नवीन बोल्ट टॉर्क घेतच नाही. ब्लॉकमध्ये भोक पाडून स्टीलचे इन्सर्ट बसवावे लागतात. एका प्लास्टिकच्या टँकपायी इंजिन उघडायची पाळी येते, म्हणून हा विषय मी सगळ्यात वर ठेवलाय.

काटा बघून सावध होऊ, असं वाटत असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खरं तापमान दाखवत नाही. साधारण ७५ ते ११५ अंशांत तो मधोमध चिकटून बसतो. तो मधून हलला, म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. खरा आकडा क्लस्टरच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरच्या, लपलेल्या मेनूत मिळतो. ट्रिप शून्य करायचं बटण दाबून धरा आणि किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवा. चाचण्यांची यादी सुरू होते. पुढच्या चाचण्यांना कुलूप असतं. ते चाचणी १९ मध्ये उघडतं आणि त्याचा आकडा म्हणजे चासी नंबरच्या शेवटच्या पाच अंकांची बेरीज. ते झालं की चाचणी ७ मध्ये कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. गाडी नुकतीच विकत घेतली असेल तर पहिला महिनाभर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. सरळ रस्त्यावर शांत चालीत तो नव्वदीच्या वरच्या भागात राहतो आणि जोर लावला की खाली येतो. जोर लावल्यावर वर चढत असेल तर रेडिएटर, पंप किंवा पंखा यांपैकी कुणीतरी काम सोडलंय. हायवेवर ऐंशीच्याही वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि नुसतं पेट्रोल जळतंय.

आता काम. टँक आणि तिचं झाकण, रेडिएटर, वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, खालच्या होजमधला तापमानाचा सेन्सर, दोन्ही बेल्ट आणि त्यांच्या पुली, हे सगळं एका बैठकीत बदलावं. एकेक पार्ट तुटेल तसा बदलणारा माणूस दर वेळी तेच कूलंट ओततो, तेच पंख्याचं आवरण काढतो, आणि नवीन टँकेचा दाब जुन्या रेडिएटरच्या तोंडावर आणून सोडतो. माझं वेळापत्रक एक लाख किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी येईल ते.

इंजिन पूर्ण थंड असताना टँकचं झाकण काढा. खालचं प्लास्टिकचं आवरण काढून रेडिएटरचा निळा निचरा-स्क्रू उघडा. यातून निम्म्याच्या आसपासच कूलंट निघतं, उरलेलं ब्लॉकमध्ये राहतं. ब्लॉकचा निचरा-बोल्ट एक्झॉस्टच्या बाजूला मॅनिफोल्डखाली आहे. हात जरा वाकडा करावा लागतो, पण तो उघडल्याशिवाय जुनं कूलंट खऱ्या अर्थानं निघत नाही. परत लावताना नवीन वॉशर आणि २५ न्यूटन-मीटर.

यांत्रिक पंखा असेल तर त्याचं मोठं नट ३२ मिमीचं आहे आणि आटे उलटे आहेत. गाडीसमोर उभं राहून घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. पान्यावर हातोडीचा एक चटकन ठोका पुरतो. होजची टोकं तारेच्या क्लिपनं धरलेली असतात. स्क्रू ड्रायव्हरनं क्लिप वर उचलायची आणि होज गोल हलवत बाहेर ओढायचा. जोर करून आडवा वाकवला तर तोंड आत तुटून राहतं. नवा होज बसवताना आतल्या ओ-रिंगला कूलंटचाच हात लावा. पेट्रोलियमचं ग्रीस लावलं तर ते रबर फुगतं. क्लिप आधी खाली दाबून ठेवा, मग होज ढकला, आणि ‘टक्’ आवाज आल्यावर एकदा मागे ओढून बघा. अर्धवट बसलेला होज आयडलला गळत नाही. दाब चढल्यावर एकदम निसटतो.

वॉटर पंप चार नटांवर आहे, १० मिमीची गोटी (सॉकेट) लागते. नट काढले तरी पंप घरात घट्ट बसलेला असतो. पट्टीनं उचकटू नका, ॲल्युमिनियमला ओरखडा गेला की तिथूनच पुढे पाझरतं. पंपाच्या बाहेरच्या कडेला आट्यांची दोन भोकं खास यासाठीच आहेत. त्यांत एम-६ चे दोन लांब बोल्ट घाला आणि अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीनं आवळा, पंप सरळ बाहेर येतो. घर पुसून, नवी ओ-रिंग ओली करून नवा पंप बसवा. नट १० न्यूटन-मीटर, थर्मोस्टॅटचे बोल्टही तेवढेच. जुन्या पंपांच्या काही आवृत्त्यांत आतलं पातं प्लास्टिकचं होतं आणि ते शाफ्टवर सैल फिरायचं. बाहेरून पंप ठीक दिसतो, पाणी मात्र हलत नाही. धातूच्या पात्याचा घ्या.

कूलंट निळं, जी-४८ जातीचं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. एकूण ८.४ लिटर, म्हणजे दोन्ही ४.२ लिटर. नळाचं पाणी नको, क्षार आत बसतात.

मग हवा काढणं. नवीन पार्ट घालूनही इंजिन तापतं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं. गाडीचं नाक थोडं उंच करा. किल्ली दुसऱ्या टप्प्यावर, इंजिन बंद. हीटरचं तापमान कमाल, पंखा सगळ्यात कमी. असं केल्यानं हीटरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टँकच्या झाकणाशेजारी प्लास्टिकचा ब्लीड स्क्रू आहे, तो उघडा. आता कूलंट अगदी बारीक धारेनं ओता. आधी त्या भोकातून नुसती हवा फुसफुसते, मग फेस, मग फुग्यांसकट थेंब, आणि शेवटी निळी धार अखंड वाहू लागते. फुगे दिसताहेत तोवर थांबू नका, आणि धार अखंड झाली तरी आणखी अर्धा मिनिट ओतत राहा, कारण हीटरच्या कोरमधला शेवटचा बुडबुडा उशिरानं येतो. मग स्क्रू २.५ न्यूटन-मीटर, म्हणजे बोटांच्या जोरापेक्षा जरासाच जास्त. हा स्क्रू पितळी बसवायची हौस अनेकांना असते. मी प्लास्टिकचाच ठेवीन. जास्त आवळला तर स्क्रू जाईल, टँकचे आटे वाचतील.

इंजिन चालू करून गरम होऊ द्या. केबिनमध्ये गरम हवा यायला हवी. काटा मधे आणि हवा गार, तर आत अजून बुडबुडा आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर टँकमधला लाल दांडा बघून पातळी पुरी करा. गरम असताना झाकण उघडू नका.

ऑइल खाणं आणि हवा चोरणं

‘हे इंजिन ऑइल खातंच’ असं म्हणून लोक डिकीत ऑइलचा डबा घेऊन फिरतात. त्याआधी क्रँककेस व्हेंटिलेशन तपासा. इनटेक मॅनिफोल्डखाली एक काळा डबा आहे, त्याला चार नळ्या. इंजिनमधली ऑइलची वाफ वेगळी करून ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) आणि वायू इनटेकमध्ये पाठवायचं त्याचं काम. त्यातला रबरी पडदा फाटला की इनटेक थेट क्रँककेस शोषू लागतं आणि ऑइल ओढून जाळतं. नळ्या ठिसूळ होऊन तडकतात, तिथून हवा शिरते. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारल्या तर ओलाव्याचा पिवळट लोण्यासारखा चिखल आत साठतो.

हे पारखायला महागडं यंत्र नको. मीटरभर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. ऑइल भरायच्या एखाद्या जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात नळीचं एक टोक घट्ट बसवा. दुसरं टोक उघडं. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० ते १५ सेंटिमीटरचा फरक पडला तर सगळं ठीक. फरक एकदम वाढून पाणी ओढलं जायला लागलं तर पडदा फाटलाय, लगेच इंजिन बंद करा. फरक जेमतेम असेल किंवा पाणी उलट ढकललं जात असेल तर कुठेतरी तुंबलंय किंवा हवा शिरतेय.

डबा बदलताना चारही नळ्या बदला आणि डिपस्टिकची नळी काढून साफ करा. ती नळी दुहेरी भिंतीची आहे, आणि वेगळं झालेलं ऑइल त्या दोन भिंतींमधल्या अरुंद फटीतून खाली जातं. ती फट गाळानं बुजलेली असेल तर नवीन डबाही महिन्यात भरून येईल. हे काम करताना कंटाळा येतो हे खरं, पण मॅनिफोल्ड एकदा सैल केलंच आहे तर त्यामागचं सगळं उरका.

हवेची दुसरी चोरवाट म्हणजे इनटेकचे रबरी बूट. घड्यांच्या आतल्या बाजूला चिरा पडतात, वरून काही दिसत नाही. काढून हातात वाकवल्यावरच कळतं. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन्ही कोड एकत्र आले तर मिश्रण दोन्ही बँकांत, म्हणजे तीन-तीन सिलिंडरांच्या दोन्ही गटांत, पातळ आहे: हवा जास्त, पेट्रोल कमी. इथे फ्यूएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, वाचायला शिका. आयडलला अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर हवा चोरली जातेय, कारण आयडलला हवा कमी असते आणि चोरीचा वाटा मोठा ठरतो. उलट जोर वाढेल तसा ट्रिम वाढत असेल तर एअर मास मीटर, फ्यूएल फिल्टर किंवा पंप बघा. नुसता कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणाऱ्यांचे पैसे वाया जातात ते इथेच. सेन्सर खरं बोलत असतो.

मॅनिफोल्डवरचा डिसा व्हॉल्व्ह, म्हणजे आत येणाऱ्या हवेची वाट बदलणारी झडप, तीही काढून बघा, टॉर्क्स ४० चे दोनच स्क्रू आहेत. आतलं फडकं सैल वाजत असेल तर लगेच बदला. त्याची पिन तुटली की ती सरळ सिलिंडरकडे जाऊ शकते.

ऑइल गळतीच्या दोन जागा ठरलेल्या. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट कडक झालं की ऑइल गरम एक्झॉस्टवर ठिबकतं आणि सिग्नलला उभं राहिलं की जळका वास केबिनमध्ये येतो. स्पार्क प्लगच्या विहिरींतही ऑइल साचतं आणि कॉइल खराब होतात. नवीन गॅस्केट लावताना सीलंट सगळीकडे फासू नका, फक्त मागच्या अर्धगोलांच्या कोपऱ्यांत आणि पुढे व्हॅनॉसच्या सांध्यावर. बोल्ट १० न्यूटन-मीटर, मधून बाहेर. दुसरी जागा ऑइल फिल्टरच्या घरामागचं गॅस्केट. तिथून गळलेलं ऑइल अल्टरनेटरवर आणि बेल्टवर जातं. सुटा पार्ट क्षुल्लक, पण त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर बेल्ट सुटतो.

व्हॅनॉसचं दुखणंही रबराचंच. पिस्टनवरच्या मूळ ओ-रिंग गरम ऑइलमध्ये कडक होतात आणि ऑइलचा दाब निसटतो. ३००० आरपीएमच्या खाली पिकअप मेल्यासारखा वाटतो, आयडल डुलतं. व्हिटॉनच्या ओ-रिंग बसवल्या की खालचा जोर परत येतो. व्हॅनॉसचा आख्खा युनिट बदलायची गरज क्वचितच पडते.

इंजिन ऑइल फिल्टरसकट ६.५ लिटर, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मान्यतेचं, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०. फिल्टरच्या झाकणाला ३६ मिमीची गोटी, टॉर्क २५ न्यूटन-मीटर. चेंबरच्या बोल्टलाही २५ आणि दर वेळी नवीन तांब्याचा वॉशर. झाकणाची मोठी ओ-रिंग बदलतात सगळेच. दांड्याच्या टोकावरच्या छोट्या ओ-रिंग मात्र डब्यातच राहून जातात, त्या विसरू नका. डॅशबोर्डवरचा सर्व्हिस इंडिकेटर फार लांबची तारीख देतो. १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, याच्यापुढे मी जाणार नाही.

खालचं रबर

या गाडीचं चालणं जिवंत राहतं ते बुशमुळे, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरामुळे. ब्रेक लावल्यावर ८० ते १०० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरलं की लोक डिस्क बदलतात. बहुतेक वेळा पुढच्या लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले असतात आणि डिस्कमधला किरकोळ फरक त्यांना झेपत नाही. हे बुश आर्मच्या षटकोनी टोकावर दाबून बसवायचे असतात. बुशवरची खूण आर्मच्या खुणेशी जुळवा, साबणाचं पाणी लावा आणि एका दमात ढकला. मग साधारण अर्ध्या तासाच्या आत गाडी जमिनीवर उतरवून तिचं वजन त्यावर येऊ द्या. उशीर झाला तर रबर चुकीच्या कोनात धरतं आणि गाडी उतरवली की ते कायमचं पिळलेलं राहतं. दोन महिन्यांत पुन्हा फाटतं, आणि दोष पार्टला लावला जातो.

मागच्या ट्रेलिंग आर्मच्या बुशचंही तसंच. तो बुश म्हणजे दोन नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर, ते फिरत नाही, फक्त पिळतं. म्हणून मधला बोल्ट आर्म हवेत लटकत असताना आवळायचा नाही. चाकाखाली जॅक लावून आर्म गाडीच्या नेहमीच्या उंचीला आणा आणि मगच ११० न्यूटन-मीटरला आवळा. ब्रॅकेट बॉडीवर तीन बोल्टांनी बसतं. ते बोल्ट लंबगोल भोकांत सरकतात आणि त्यावरच मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाक किती आत-बाहेर वळलेलं आहे ते, ठरतो. काढण्याआधी ब्रॅकेटभोवती खिळ्यानं रेघ मारून ठेवा, तरी अलाइनमेंट करून घ्याच. हे बुश गेले की लांब वळणात ॲक्सिलरेटर सोडला असता गाडीचं मागचं अंग एक पाऊल बाजूला टाकल्यासारखं हलतं. एकदा ओळख झाली की ते लक्षणच पुरतं.

मागे खाली गेलाच आहात तर सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला बसते त्या चारही जागांचा पत्रा ब्रशनं साफ करून टॉर्चखाली बघा. ई-४६ मध्ये, विशेषतः सुरुवातीच्या गाड्यांत, तिथे पत्र्याला तडे जातात. गाडी विकत घेण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही हातानं चाचपा. गंजून तिथे तुटलेला तुकडा वरून दिसत नाही. मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचं रबर फाटलं असेल तर खड्ड्यात डिकीतून ठकठक येते.

टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. भरपूर नक्षी उरलेला दहा वर्षांचा टायर मी ठेवणार नाही, तेही रबरच आहे. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर.

गिअरबॉक्स आणि वीज

ऑटोमॅटिकवर ‘आयुष्यभराचं ऑइल’ असं लिहिलेलं असतं. झेडएफचं पाच गिअरांचं युनिट असेल तर ते ऑइल लाखाच्या आसपास बदलणंच शहाणपणाचं. निचऱ्याचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. ऑइल काढून टाकलं आणि भरायचा प्लग अडकला, तर गाडी जिथल्या तिथे उभी. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांत असतानाच बघायची. मॅन्युअलचं आणि डिफरन्शियलचं ऑइलही त्याच सुमारास. ब्रेक ऑइल डॉट-४, दर दोन वर्षांनी. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच.

बॅटरी एका रात्रीत उतरत असेल तर डिकीत ॲमीटर लावून बसा, पण घाई नको. गाडीची सगळी मॉड्यूल झोपायला १६ मिनिटं लागतात. त्यानंतर ५० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त वीज जात असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ब्लोअरचा रेझिस्टर हा नेहमीचा संशयित. ब्लोअर मनाला येईल तसा कमी-जास्त होत असेल तर तोच. तुटणाऱ्या पॉवर विंडोबद्दल काय सांगणार, काच वर-खाली ओढणारी तार बदला आणि काचेच्या रबरी खाचेत सिलिकॉन फवारा.

आणि मग चालवणं

हे सगळं झालेली ई-४६ आणि न झालेली ई-४६ या दोन वेगळ्या गाड्या आहेत. न झालेली चालवून ‘एवढं कौतुक कशाचं’ असं म्हणणाऱ्याचं चुकत नाही.

सुरू केल्यावर उभ्या जागी गरम करत बसू नका, हळू निघा. काटा मधे आला तरी ऑइल अजून थंड असतं, त्याला आणखी दहा मिनिटं तरी लागतात. तोवर ३००० च्या वर जाऊ नका. नंतर मात्र हातचं राखू नका. या इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि त्याच क्षणी मिळतं. सहा सिलिंडर एका रांगेत असल्यानं पिस्टनांचे धक्के एकमेकांना खोडतात, आणि म्हणूनच बॅलन्स शाफ्ट न बसवताही ते एवढं मऊ फिरतं. टॉर्कचा शिखरबिंदू तिन्ही मापांत ३५०० ला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये तिथून ६५०० पर्यंत एकसलग जाऊ द्या. ४००० च्या पुढे आवाजातला खर्ज विरतो आणि एक कोरडा, धातूचा सूर लागतो. व्हॅनॉस आणि डिसा ठीक असतील तरच तो लागतो, म्हणून मला तो आवाज नेहमी तपासणीसारखाही वाटतो.

स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे. वळणात शिरताना ते आधी थोडं जड होतं, आणि पुढचे टायर पकड सोडू लागण्याआधी किंचित हलकं होतं. तळहाताला ते समजतं. ब्रेक वळणाच्या आधी उरकून घ्या, आत शिरताना पाय हलका ठेवा आणि मध्यावरून हळूहळू दाबत बाहेर पडा. वजन दोन्ही ॲक्सलवर जवळजवळ सारखं वाटलेलं असल्यानं गाडी मागच्या चाकांवर बसते आणि ढकलत बाहेर नेते. मागचे बुश नवीन असतील तर ती एकदा वळली की रेघ सोडत नाही, स्टीअरिंग दुसऱ्यांदा दुरुस्त करावं लागत नाही. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. चारही चाकांत सरसकट एकच आकडा भरला तर हे सगळं बोथट होतं.

फेरी मारून आल्यावर बॉनेट उघडून एक मिनिट नुसतं वास घ्या. गोडसर वास कूलंटचा, जळका वास व्हॉल्व्ह कव्हरचा. मग इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर निळा डाग असेल तर त्याच्या वर सरळ बघत जा, तपकिरी असेल तर फिल्टरच्या घरापासून सुरुवात करा, आणि लालसर असेल तर पॉवर स्टीअरिंगच्या होजचा क्लॅम्प तपासा.